पहिला फास

"तंग किती आवळशील? घोडीला श्वास तरी घेऊ दे."

मार्ला पोकोर्नी तबेल्याच्या दारात थर्मास घेऊन उभी होती. वेंडलने पट्ट्यावरचा हात काढला. खोगीर बांधायला त्याला दोन मिनिटं पुरायची, आज पाव तास होऊन गेला होता. बावन्न वर्षांचा गडी, त्यातली चाळीस घोड्याच्या पाठीवर गेलेली, आणि आज बोटं ऐकत नव्हती.

"नवा शर्ट?" मार्लाने विचारलं.

"नवा कुठला? धुतलाय."

"घडीच्या रेघा दिसतायत आणि म्हणे धुतलाय." तिने थर्मासच्या झाकणात कॉफी ओतून त्याच्या हातात दिली. मग हसू आवरून म्हणाली, "जोसीला सांगितलं मी. रविवारी, फोनवर."

"काय म्हणाली?"

"तुला हवं ते कर म्हणाली. आणि फोन ठेवून दिला." मार्ला दाराबाहेर बघत राहिली. "आज काही पोरगी घरी यायची नाही. पण आता मी कुणासाठी थांबणार नाही, वेंडल. डेलला जाऊन तीन वर्षं झाली. रडून झालं, भांडून झालं. आज फाटकापाशी मी तुझं नाव घेणार."

 कॉफी गरम होती, ती वेंडलने एका घोटात पिऊन टाकली आणि जीभ भाजून घेतली.

नाव घेणं म्हणजे काय, हे नेब्रास्काच्या त्या वाळूच्या टेकड्यांत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मे महिन्यात वासरांना मालकीचा डाग द्यायचा दिवस ठरला की वीस मैलांवरचे शेजारी घोडे घेऊन मदतीला येतात. आज तुमच्याकडे, परवा आमच्याकडे. वासरं कुंपणात कोंडायची, विस्तव पेटवायचा. मग घोडेस्वाराने आत जाऊन वासराच्या मागच्या पायांत फास टाकायचा आणि त्याला विस्तवापाशी ओढत आणायचं. खाली दोघांनी त्याला दाबून धरायचं, तिसऱ्याने डाग द्यायचा. खालचं काम पोराटोरांचं. अंगाला शेण, माती, लाथा. फास टाकणं हा मान, आणि तो मागून मिळत नाही. घरची मालकीण किंवा मालक फाटकापाशी उभा राहून ज्याचं नाव घेतो, तो आत जातो.

पोकोर्नींच्या घरी याहून एक गोष्ट जास्त होती. पणजोबांपासून तिथे पहिला फास घरचा धनीच टाकत आलेला. मार्लाच्या नवऱ्याने, डेलने, तो वीस वर्षं टाकला. तो गेल्यावर तीन वर्षं मार्ला शेजारच्या म्हाताऱ्या व्हर्जिल हासेकचं नाव घेत होती. म्हणजे या घराला सध्या धनी नाही, असं तिने न बोलता सगळ्यांना सांगितलं होतं. डेलचा सख्खा धाकटा भाऊ तिथेच असून, त्याचा फास कधी चुकत नाही हे सगळ्यांना माहीत असून, वेंडल तिन्ही वर्षं मातीत पोरांबरोबर वासरं दाबत होता. भावाची जागा ती, तिथे कसं बसायचं?

वेंडलचं दुखणं मात्र तीन वर्षांचं नव्हतं. ते सव्वीस वर्षांचं होतं. गावच्या सभागृहात नाच होता, आणि शाळेत नव्याने आलेल्या मास्तरीणबाईंबरोबर, मार्लाबरोबर, तो सलग तीनदा नाचला होता. निघायच्या वेळी त्याच्या पिकअपची बॅटरी उतरली. तो थोरल्या भावाला म्हणाला, "हिला जरा घरी सोड." आपल्या पायावर धोंडा मारून घेणारी माणसं जगात पुष्कळ असतात. वेंडलने तो धोंडा भावाच्या हातात दिला आणि वर म्हणाला, जपून ने. पुढच्या जूनमध्ये लग्न झालं. नवरदेवाच्या शेजारी उभं राहून वेंडलने अंगठी वेळेवर खिशातून काढूनही दिली, आणि आठवड्याने तो वायोमिंगला निघून गेला. तिकडे पगार बरा आहे म्हणाला. तेवीस वर्षं त्याने परक्यांची गुरं राखली. आईच्या मातीला तेवढा एकदा आला. एरवी नाताळ आला की त्याच्या वाटेत नेमकं बर्फ पडायचं, नाहीतर एखादी गाय आजारी असायची.

मग एका फेब्रुवारीत डेलची गाडी पुलावरच्या बर्फावरून घसरली. वेंडल एक पिशवी घेऊन आला. गाई विण्याचे दिवस होते, आणि मालक गेला म्हणून गाई विणं थांबवत नाहीत. मातीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तो गोठ्यात उतरला, तो तिथलाच झाला.

मागणी त्याने गेल्या ऑक्टोबरात घातली, तीही तीस फूट उंचीवरून. पवनचक्कीला तेल घालायला वर चढला होता, खाली मार्ला शिडी धरून होती. समोरासमोर जन्मात जमलं नसतं, म्हणून तो वरूनच ओरडला. वारा सुटला होता. "काय?" मार्ला खालून म्हणाली. तो पुन्हा ओरडला. "काय म्हणतोस?" तिसऱ्यांदा ओरडून त्याचा धीर संपला. खाली उतरल्यावर म्हणाला, "तेल संपलं, तेच सांगत होतो." ताकाला जाऊन भांडं लपवायची त्याची जुनी खोड. मार्लाने काही विचारलं नाही. जेवताना त्याच्या ताटात मांस वाढता वाढता ती म्हणाली, "वरून काय ओरडत होतास, ते मला पहिल्यांदाच ऐकू आलं होतं. पण तीनदा ऐकायला बरं वाटलं." त्या रात्री वेंडलला जेवण गेलं नाही, इतका तो सुखावला होता.

आठ वाजेपर्यंत शेजाऱ्यांच्या गाड्या लागल्या. बायकांनी खसखशीच्या गोड कोलाची-पावांची ताटं आणि घेवड्याची पातेली आत नेली. वेंडल घोडीवर बसून फाटकापाशी आला. घोड्यावर बसून फाटकापाशी येणं म्हणजे आपलं नाव येण्याची वाट बघणं. आज हा वर बसलाय, हे पाहून गप्पा जराशा थांबल्या आणि पुन्हा सुरू झाल्या.

त्याचे वडील लॅडी पोकोर्नी, चौऱ्याऐंशी वर्षांचे, पिकअपमध्ये काच खाली करून बसले होते. त्यांचे गुडघे कामातून गेले होते, जीभ शाबूत होती.

"काय रे, आज वर? तीन वर्षं तर पोरांबरोबर मातीत लोळत होतास."

"बघू, बाबा."

"बघू काय? सगळ्यांनी बघून झालंय. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही."

व्हर्जिल हासेक आला. त्याने वेंडलकडे पाहिलं, त्याच्या शर्टाकडे पाहिलं, आणि आपला घोडा गाडीलाच बांधून पायी चालत आला. घोडीच्या मानेवर थाप मारून म्हणाला, "आज मी खालीच बरा. गुडघा धरलाय." त्याच्या गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं. वेंडलला भरून आलं, म्हणून त्याने उगाच टोपी नीट केली.

तेवढ्यात रस्त्यावर धूळ दिसली. छोटी निळी गाडी होती, लिंकनच्या विद्यापीठाचा स्टिकर काचेवर लावलेला. जोसी उतरली. आईकडे न बघता थेट तबेल्यात गेली, आणि बाहेर आली ती बापाच्या घोड्यावर बसून. तीन वर्षांत त्या घोड्यावर कुणी बसलं नव्हतं. वीस वर्षांची पोर, तोंड पांढरंफटक पडलेलं. तिने घोडा आणून वेंडलच्या घोडीला लागून उभा केला.

आता फाटकापाशी दोघं होती. विस्तव पेटायला अजून अवकाश होता. मार्ला तिकडे डागण्या मांडत होती, तिने मान वर करून पाहिलं आणि हातातली डागणी तशीच धरून राहिली.

"काका," जोसी हळू आवाजात म्हणाली, "एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार."

"तू आलास बाबांच्या मातीला. थांबलास कशाला?"

खोटं बोलणं सोपं होतं. गाई विणार होत्या, आजोबा थकले होते, कारणं काय, ढीगभर होती. पण पोरगी बापाच्या घोड्यावर बसून विचारत होती.

"तुझ्या आईसाठी," वेंडल म्हणाला.

"कधीपासून?"

"तुझ्या जन्माआधीपासून. तिचं लग्न व्हायच्या आधीपासून. पण जोसी, तुझ्या बाबाच्या जिवंतपणी मी या घराकडे वाकडी नजर केली नाही. म्हणूनच लांब राहिलो."

जोसीने लगाम मुठीत गोळा केला. तिला राग येईल असं वेंडलला वाटलं होतं. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"म्हणजे म्हणून तू नाताळला येत नव्हतास?"

वेंडल घोडीची आयाळ सारखी करू लागला.

"बाबा दर नाताळला तुझी खुर्ची मांडायचे. आई म्हणायची, अरे तो यायचा नाही, कशाला मांडतोस? तरी मांडायचे. जेवण होईपर्यंत तशीच ठेवायचे. मग म्हणायचे, माझं काय चुकलं कुणास ठाऊक, भाऊ घरात पाऊल टाकत नाही." तिने बाहीने नाक पुसलं. "मरेपर्यंत त्यांना वाटत होतं की त्यांचंच काहीतरी चुकलंय. मी त्यांच्यासाठी आलेय, काका. आज तू पुढे गेलास तर मला इथे पुन्हा यायला जमणार नाही. धमकी देत नाहीये. मला खरंच जमणार नाही."

वेंडलला वाटायचं, आपण दूर राहिलो हे आपले भावावरचे उपकारच. तेवीस वर्षं तो स्वतःच्या मोठेपणावर जगला होता. आणि इकडे डेल खुर्ची मांडत होता.

विस्तव पेटला. मार्ला फाटकापाशी आली. माणसं बोलायची थांबली, पोरांनी टोप्या मागे सारल्या. मार्लाने लेकीकडे पाहिलं, मग वेंडलकडे. तिची नजर पक्की होती. ती त्याचंच नाव घेणार होती. तिने तोंड उघडलेलं त्याने पाहिलं.

वेंडलने रिकिबीतून पाय काढला आणि तो खाली उतरला.

घोडी त्याने कुंपणाला बांधली, टोपी काढून मान खाली घातली आणि पोरांच्या रांगेत जाऊन उभा राहिला.  मार्ला त्या रिकाम्या खोगिराकडे किती वेळ बघत होती, हे सांगता यायचं नाही. शेवटी ती म्हणाली, "जोसी." मागच्यांना ते ऐकूही गेलं नाही.

जोसीचा पहिला फास चुकला. दुसरा बरोबर बसला. तिने ओढत आणलेलं पहिलं वासरू वेंडलनेच दाबून धरलं, आणि मार्लाने त्यावर डाग दिला. दोघांची डोकी एकमेकांपासून हातभर अंतरावर होती. तिने त्याच्याकडे बघितलं नाही.

दुपारची जेवणं झाली, माणसं पांगली. मार्ला मोरीपाशी पातेली घासत होती. वेंडलने पुसायला फडकं घेतलं. ती म्हणाली, "ठेव ते."

त्याने ठेवलं.

"मी तुझं नाव घेणार होते."

"माहीत आहे."

"मग?"

"ती गेली असती, मार्ला. कायमची."

"गेली असती. वर्षभर, दोन वर्षं बोलली नसती. मग आली असती. माझी पोर आहे, तिचा राग मला माहीत आहे."

"मीही तेवीस वर्षं आलो नाही."

"तू म्हणजे ती नव्हेस!" पातेलं तिने मोरीत आपटलं. "सगळ्यांनी माझ्यासाठीच सगळं ठरवायचं. डेल असंच करायचा. तूही तेच केलंस. मला विचारलंस? एका नजरेने तरी? गेला आठवडाभर मी धीर गोळा करत होते. आणि सगळ्या शेजाऱ्यांसमोर तू खाली उतरलास. नाव घ्यायच्या आधी उतरणं म्हणजे काय, हे मी तुला सांगू?"

तेव्हा कुठे वेंडलच्या डोक्यात उजेड पडला. त्याला वाटलं होतं, आपण काहीतरी सोडून देतोय. वीस मैलांतल्या माणसांनी पाहिलं ते वेगळंच. विधवेने नाव घ्यायला तोंड उघडलं, आणि दीर घोड्यावरून उतरला. मला ही नको, असं याहून स्पष्ट त्या टेकड्यांत कुणाला सांगता येत नाही.

"मी तुला नको म्हटलं नाही," तो म्हणाला.

"मला कळतंय रे. पण बाकीच्यांना काय घरोघर जाऊन सांगणार आहेस?"

"पुढच्या वर्षी—"

"नाही." तिने नळ बंद केला. "एवढा धीर मला पुन्हा व्हायचा नाही. खोटं बोलत नाही मी, वेंडल. खरंच व्हायचा नाही." आणि मग तिने ओल्या हातांनीच तोंड झाकून घेतलं. जवळ जावं की जाऊ नये, हे वेंडलला कळेना. तो उभा राहिला. सव्वीस वर्षं तो असाच उभा राहत आला होता.

दोन दिवसांनी त्याने पिशवी भरली. लॅडी पडवीत बसले होते.

"कुठे?"

"व्हर्जिलकडे. माणूस हवाय त्याला."

"सहा मैल. वायोमिंगपेक्षा बरं." म्हाताऱ्याने काठी एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर घेतली. "डेल मला विचारायचा, वेंडल का येत नाही म्हणून. मला ठाऊक होतं. नाचाच्या त्या रात्रीपासून ठाऊक होतं. मी नाही सांगितलं."

"का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर त्याने तुझी वाट बघायचं सोडलं असतं."

वेंडल बापाशेजारी पायरीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. म्हाताऱ्याने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, तो किती तरी वेळ काढला नाही.

ऑगस्टात, एका सकाळी अकराच्या सुमाराला, वेंडल गावातून गुरांना चाटायला मिठाच्या लाद्या घेऊन येत होता. तिकडचा रस्ता एकाच गाडीपुरता आहे, डांबराची एक पट्टी आणि दोन्ही बाजूंना भुसभुशीत वाळू. समोरून गाडी आली तर भरलेल्या गाडीने डांबरावर राहायचं, रिकामीने खाली उतरायचं. टेकडीवरून येणारी गाडी त्याने लांबूनच ओळखली. ती रिकामी होती, त्याची भरलेली. तरी त्याने आपली गाडी उतरवली, आणि नको तितकी उतरवली.

मार्ला शेजारी येऊन थांबली. काच खाली केली.

"भरलेली गाडी तुझी. मी उतरले असते."

"असू दे."

ती वाळली होती. केस कापले होते, ते तिला शोभत होते. हे सांगावंसं त्याला वाटलं, पण तो म्हणाला, "गवत कसं आहे?"

"बरं आहे यंदा. सगळं जोसीने कापलं. लिंकनला परत जात नाही म्हणते."

"चांगलं झालं."

"तुझी चौकशी करत होती."

"काय?"

"बरा आहेस का, म्हणून."

"बरा आहे म्हणावं."

 मग मार्लाची नजर त्याच्या चाकांवर गेली.

"रुतलायस. साखळी आहे माझ्याकडे, ओढून काढते."

"नको. निघेल."

"वेंडल, चारही चाकं रुतलीत."

"निघेल गं. तू जा. ऊन चढलंय."

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं, त्या रस्त्यावर सगळेच सगळ्यांना उचलतात तसं, आणि ती गेली. वेंडलनेही बोट उचललं. तिची गाडी टेकडीपलीकडे जाईपर्यंत तो आत बसून राहिला, कारण त्याला तिच्यासमोर खाली उतरायचं नव्हतं. मग त्याने दार उघडलं, बाह्या सारल्या, आणि गाडी हलकी व्हावी म्हणून मिठाच्या लाद्या एकेक उचलून डांबरावर रचू लागला. चाळीस होत्या.